चाचांच्या आजारामुळे पुतणीचा रिश्ता मोडायचा का? स्किझोफ्रेनिया, खानदान आणि जनुकांचा खरा हिशोब

रिश्ता पक्का करण्याआधी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चौकशी होते. मुलगा काय करतो, शेती किती, मुलगी किती शिकली, घरातली माणसं कशी. सगळं विचारून झालं की कोणीतरी खाला किंवा फुफी आवाज खाली करून विचारतेच, "खानदानात कोणाचं डोकं फिरलेलं नाही ना?"

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळक्यात असं एक घर आहे. मुलगी बारावी झालेली, हुशार. तिचे एक चाचा गेली पंधरा वर्षं कोणाशी धड बोलत नाहीत, एकटेच पुटपुटतात, कधी म्हणतात शेजारी जेवणात काहीतरी कालवतात. हे मुलाकडच्यांना कळतं आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो, "इस्तिखारा नीट आला नाही." हे घर आम्ही समजुतीसाठी उभं केलं आहे. पण असा निरोप आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, काहींनी दिलाही असेल. म्हणून या एका प्रश्नाचा हिशोब आज नीट मांडतो. हा आजार रक्तातून उतरतो का? उतरतो तर किती? आणि घरात कोणी जरा वेगळं बोललं, वेगळं ऐकलं, तर ती त्याची सुरुवात समजायची का?

आधी नाव. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. या शब्दामुळे अनेकांना वाटतं की माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं, ते सिनेमातलं. यात न बोललेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का संशय बसतो, विचारांची साखळी तुटते. आणि बरेचदा याहून जास्त त्रासदायक म्हणजे माणूस थंड पडतो, काम सोडतो, अंघोळ सोडतो, बोलणं सोडतो. पुरुषांत हे साधारण विशीच्या आसपास सुरू होतं, बायकांत थोडं उशिरा. ऐन शिक्षणाचं, कमाईचं, निकाहचं वय. म्हणूनच घर हादरतं. आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहून थोडं कमी आहे.

आता खानदानाचा हिशोब. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातल्या अनेक दशकांच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून १९९१ मध्ये मांडले. आजही डॉक्टर समजावताना तेच आकडे वापरतात, जरी नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत ते थोडे कमीच निघाले. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात सुमारे १३. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर ९. चाचा, मामा, फुफी, खाला यांच्यापैकी कोणाला असेल तर पुतण्या-भाच्यांना सुमारे ४. चुलत-मामे भावंडांत कोणाला असेल तर सुमारे २.

म्हणजे आपल्या जऊळक्याच्या मुलीचा हिशोब असा: शंभर अशा पुतण्या घेतल्या तर साधारण ९६ जणींना हा आजार कधीच होत नाही. तिच्या होणाऱ्या मुलांचा धोका तर याहूनही कमी, बाकी कोणाच्याही मुलांपेक्षा फार वेगळा नाही. ज्या घराने निरोप पाठवला त्यांनी या चार टक्क्यांसाठी एक चांगली सून गमावली, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच घराने दोन्हीकडच्या डायबेटीसची चौकशी केली होती का? बहुतेक नाही.

उलट्या बाजूनेही पाहा. ज्यांना स्किझोफ्रेनिया होतो त्यांच्यापैकी बहुतेकांचे आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, आणि निम्म्याहून जास्त जणांच्या जवळच्या नात्यात कोणालाच हा आजार सापडत नाही. म्हणजे "आमच्या खानदानात असलं काही नाही" हे वाक्य कोणालाच कवच देत नाही.

मग जनुकांचा हात नाहीच का? आहे, आणि मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून लोकसंख्येतला या आजाराचा फरक ६० ते ८० टक्के आनुवंशिक कारणांनी येतो असं धरलं जातं. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, कारण त्याचा अर्थ "८० टक्के लोकांना होणार" असा लावला जातो. अर्थ तो नाही. उंचीचं उदाहरण घ्या. उंची याहूनही जास्त आनुवंशिक आहे, तरी एकाच आई-बापाच्या पोटी एक उंच आणि एक बुटका निघतो. आणि अगदी सारखी जुळी, ज्यांची जनुकं शंभर टक्के एकच, त्यांच्यात एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण गॉट्समनच्या आकड्यांत ४८ टक्के होतं. नंतर डेन्मार्कच्या सरकारी नोंदींवरून ते ३३ टक्क्यांच्या आसपास निघालं. जनुकं तंतोतंत तीच, तरीही निम्म्याहून जास्त वाचले.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की एक "वेडाचं जनुक" सापडेल. ते सापडलं नाही, कारण ते नाहीच. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जगभरातल्या संशोधकांच्या गटाने सुमारे ७७ हजार रुग्ण आणि २ लाख ४३ हजार इतर माणसांची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. त्यांना जनुकीय नकाशावर २८७ जागा सापडल्या जिथले छोटे बदल रुग्णांमध्ये थोडे जास्त दिसतात. थोडे म्हणजे अगदीच थोडे. एकेक बदल धोका नावापुरता वाढवतो. शिवाय हे बदल फक्त रुग्णांत नाहीत. ते तुमच्यात आहेत, आमच्यात आहेत, इमाम साहेबांत आहेत, कलेक्टर साहेबांतही आहेत. रश्श्यात एक मिरची जास्त पडली म्हणून तो कोणी टाकून देत नाही. कोणाच्या वाट्याला अशा मिरच्या जरा जास्त येतात, कोणाच्या कमी. ज्याच्या वाट्याला एकही नाही असा माणूस नसतो. क्वचित काही जणांत २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडाच गायब असतो, आणि त्यांचा धोका खरंच खूप जास्त असतो. पण ती मुलं बरेचदा हृदयाच्या किंवा टाळूच्या जन्मजात दोषामुळे आधीच डॉक्टरांना माहीत असतात.

हे छोटे बदल मोजून एक "धोक्याचा गुण" काढता येतो. परदेशात काही खासगी कंपन्या थुंकीच्या नमुन्यावरून भविष्य सांगतात, आपल्याकडेही त्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात. रिश्त्यासाठी अशी तपासणी करून घ्यावी का, असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ "नाही" असं आहे. हा गुण गटाबद्दल काहीतरी सांगतो, एका माणसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यात तो बहुतांश युरोपीय लोकांच्या नमुन्यांवर बेतलेला आहे, थोडा पूर्व आशियाई. आपल्या उपखंडातल्या माणसांना तो नीट लागू पडत नाही. भारतात या पद्धतीचा पहिला मोठा अभ्यास तामिळनाडूत झाला, चेन्नईची 'स्कार्फ' ही संस्था आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक यांनी मिळून. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे ३,१०० जणांचा. त्यात जीवनसत्त्व ब-३ शरीरात वापरण्याशी संबंधित एका जनुकाकडे बोट गेलं, जे युरोपीय अभ्यासांत पुढे आलं नव्हतं. एवढ्यावरून ब-३ च्या गोळ्या आणायला धावू नका. मुद्दा इतकाच की आपल्या लोकांचा हिशोब अजून पूर्ण लिहिलेलाच नाही.

वेगळं ऐकणं, वेगळं दिसणं

इथे एक गोष्ट आहे जी आपल्या घरांत जास्त कामाची आहे. आवाज ऐकू येणं, कोणी जवळ उभं असल्याचा भास होणं, लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटणं, हे अनुभव फक्त रुग्णांना येतात असं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १८ देशांतल्या ३१,२६१ प्रौढांना याबद्दल विचारलं गेलं. ५.८ टक्के लोकांनी सांगितलं की आयुष्यात कधीतरी असा अनुभव आला आहे. म्हणजे सतरा-अठरा जणांत एक. जुम्म्याच्या नमाजची एक सफ डोळ्यासमोर आणा. त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो अनुभव आयुष्यात एकदाच आला होता. बहुतेकांचे असे अनुभव आपोआप विरून जातात.

दादा वारले. चाळीस दिवस झाले. दादी म्हणते, पहाटे त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो. वेल्समधल्या एका डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवत होतं, काहींना आवाज ऐकू येत होता, आणि बहुतेकांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. दादीला आजार नाही. तिला कोणीतरी जवळ बसणारं हवं आहे.

तसंच झोपेत छातीवर कोणीतरी बसलंय, हलता येत नाही, ओरडता येत नाही. याला आपण जिन्नाचा दबाव म्हणतो. वैद्यकशास्त्र याला निद्रा-पक्षाघात म्हणतं. स्वप्नाच्या वेळी शरीर सैल पडलेलं असतं, आणि मेंदू आधी जागा होतो, शरीर मागून. झोप कमी झाली, वेळा बदलल्या की हे वाढतं. रात्रपाळीवाल्यांना, परीक्षेच्या पोरांना विचारा.

मग अशा अनुभवांत स्किझोफ्रेनियाच्या त्याच जनुकांचा हात असतो का? शास्त्रज्ञांची अपेक्षा होती की उत्तर सरळ "हो" येईल. तसं आलं नाही. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांवर एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या किशोरवयीन मुलांचा धोक्याचा गुण २०१६ मध्ये तपासला, तेव्हा जास्त गुण असलेल्यांत काळजी, घाबरटपणा आणि उत्साह नसणं जास्त दिसलं. आवाज ऐकण्याशी, भास होण्याशी मात्र स्पष्ट नातं सापडलं नाही. नंतर २०१९ मध्ये ब्रिटनमधल्याच सव्वा लाखाहून जास्त प्रौढांच्या माहितीत थोडं नातं दिसलं, पण ते फक्त स्किझोफ्रेनियाशी नव्हतं. उदासीनता, बायपोलर, ऑटिझम अशा अनेक गोष्टींशीही होतं. थोडक्यात, पोराला एकदा भास झाला म्हणजे चाचांचा आजार पोरात उतरला, असं म्हणायला शास्त्राचा आधार नाही. आणि गप्प राहणारं, सगळ्यांपासून तुटत चाललेलं पोर, ज्याच्याकडे आपण "शांत स्वभावाचा आहे" म्हणून बघतही नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

जिन्न मानणं हा आजार नाही, हेही सांगून टाकतो. ज्या समाजात जी श्रद्धा सगळ्यांची असते तिला मानसोपचारतज्ज्ञ भ्रम धरत नाहीत, त्यांच्या पाठ्यपुस्तकातच तसं लिहिलेलं असतं. डॉक्टर बघतात ते वेगळं: हे किती दिवस चाललंय, माणूस झोपतो का, खातो का, कामावर जातो का, आणि त्याच्या बोलण्याने घरचे श्रद्धाळू लोकही चक्रावतात का.

सैलानी आणि अकोला

आपल्या भागात अशा माणसाला पहिल्यांदा बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात. मुसलमान नेतात, हिंदू त्याहून जास्त नेतात. होळीच्या सुमाराच्या यात्रेत नारळांची होळी होते, लांबलांबून लोक येतात. जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. अम्मीला तिथे दुआ करून आधार वाटत असेल तर तो तिचा हक्क आहे. पण तिथेच महिनोन् महिने ठेवणं, साखळीने बांधणं, मारझोड करणाऱ्या आमिलच्या हवाली करणं, याला दुआ म्हणत नाहीत.

तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि आज २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं गुन्हा आहे, मग ते घरात असो की दर्ग्यात.

याचंच दुसरं, चांगलं टोक गुजरातमध्ये आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम चालतो. मुजावर दुआ करतात आणि मग आवारातच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. कोणाचा विश्वास तोडायची गरज पडली नाही, आणि औषध सुरू झालं. विदर्भातल्या दर्ग्यांच्या कमिट्यांनी एकदा तिथे जाऊन बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

डॉक्टर म्हणजे काही चंद्रावर नाहीत. जऊळक्याहून वाशिमचं जिल्हा रुग्णालय आहे, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेने गाठता येतं. औषधाबरोबर घराजवळची मदत मिळाली तर काय होतं, हेही महाराष्ट्रात पाहिलं गेलं आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काही रुग्णांना फक्त दवाखाना, काहींना दवाखाना आणि शिवाय थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांची घरभेट. घरभेटवाल्यांची लक्षणं आणि रोजच्या कामातली अडचण थोडी जास्त कमी झाली. फरक प्रचंड नव्हता, पण तो मोठ्या हॉस्पिटलमुळे नव्हता, दारात येणाऱ्या माणसामुळे होता.

उशीर हाच सगळ्यात महाग पडतो. पहिल्यांदा आजार दिसल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जितका वेळ जातो तितकं बरं होणं कठीण होतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोक उपचाराबाहेर होते. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपण वेगळे असू असं मानायला कारण दिसत नाही.

लपवणं आणि नात्यात निकाह

रिश्त्याच्या भीतीने घरं काय करतात? लपवतात. मुलाला औषध चालू असतं, निकाह ठरतो, "आता सून येईल, गोळ्या दिसायला नको" म्हणून गोळ्या बंद. दोन-चार महिन्यांत आजार उलटतो, आणि एकट्या पडलेल्या सुनेला म्हणतात, "ही आल्यापासून झालं." या एका सवयीने जितकी घरं मोडली तितकी कुठल्या जनुकाने मोडली नसतील. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवरा दोन वर्षं मनोरुग्ण असेल तर बायकोला फस्ख मागता येतो. त्यामुळे लपवून काही टिकत नाही, कोर्टातही नाही. औषधावर नीट असलेला माणूस संसार करू शकतो. त्यासाठी समोरच्याला आधी माहीत असावं लागतं.

नात्यात लग्न केल्याने हा आजार वाढतो का, हेही लोक विचारतात. चुलत-मामे भावंडांची लग्नं फक्त मुसलमानांत होतात असा समज आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात कितीतरी हिंदू जातींत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. थॅलेसेमियासारख्या, एका जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रतींनी होणाऱ्या आजारांचा धोका अशा लग्नात नक्की वाढतो. स्किझोफ्रेनियाबद्दल पुरावा मिश्र आहे. इजिप्तमधल्या २०१० च्या एका अभ्यासात रुग्णांच्या आई-वडिलांत नात्यातली लग्नं जास्त दिसली, सगळीकडे मात्र तसं दिसलेलं नाही. आमचा सल्ला साधा: ज्या खानदानात हा आजार दोन-तीन जणांना झालाय, त्याच खानदानातली दोन मुलं एकमेकांना देऊ नका. एवढी खबरदारी पुरे.

आणि जनुकं बदलता येत नाहीत, गांजा बंद करता येतो. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो, आणि ज्याच्या खानदानात आधीच आजार आहे त्याच्यासाठी तर ते आगीशी खेळणं आहे. गावच्या नाक्यावर कोण काय विकतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मराठी माणसांत या आजाराबद्दल उघड बोलणाऱ्यांत डॉ. जगन्नाथ वाणी यांचं नाव घ्यावं लागेल. ते कॅनडातल्या कॅलगरीला प्राध्यापक होते, त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. १९९७ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली, जिथे रुग्णांच्या घरचे एकमेकांना भेटतात. २००४ चा 'देवराई' सिनेमाही त्यांच्या पाठबळावर झाला. अतुल कुलकर्णीने रुग्णाचं आणि सोनाली कुलकर्णीने त्याच्या बहिणीचं काम केलंय. घरात बसून एकदा बघा, विशेषतः बहिणीचं काम.

कधी थांबायचं नाही ते सांगतो. काही आठवडे झोप उडालेली, शाळा-काम सुटलेलं, एकट्याने हसणं-बोलणं, जेवणात विष असल्याचा संशय, आवाज जे हुकूम देतात, मरण्याचं बोलणं, यातलं काही असेल तर डॉक्टर. ताप, फिट किंवा डोक्याला मार लागल्यानंतर अचानक असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुनेचं वागणं एकदम बदललं तर तो असर समजून वाट पाहू नका. तिला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो, पण वेळेत नेलं तर ती बहुतेकदा पूर्ण बरी होते.

'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर दिवस-रात्र मोफत चालतो, मराठीतही बोलतात. रमजानमध्ये गोळ्या स्वतःहून बंद करू नका. महिना-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना सांगितलं तर बऱ्याच औषधांची वेळ इफ्तार आणि सहरीवर बसवता येते, आणि ज्यांची बसत नाही त्या आजारी माणसाला रोजा सोडायची सवलत आहेच.